रांगेतली मजा आणि दारापलीकडचं

ब्लॅक फ्रायडे म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या घरच्यांसोबत जेवायच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लागणारा मोठा सेल. त्यासाठी पहाटेच्या रांगेत उभं राहण्यातही मजा असते, असं काही जण म्हणतात, ते मान्य. थर्मासमधली कॉफी, अनोळखी लोकांशी गप्पा, सगळं ठीक. मला खटकतं ते दार उघडल्यावरचं. २००८च्या ब्लॅक फ्रायडेला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या वॉलमार्टच्या दुकानात पहाटे पाचच्या सुमारास गर्दीने दारच मोडलं आणि तिथला एक हंगामी कामगार पायदळी तुडवला जाऊन मेला. कशासाठी, तर स्वस्त टीव्हीसाठी!

बरं, तो टीव्ही तरी खरंच स्वस्त असतो का? कंपन्या सेलसाठी वेगळी मॉडेल्स काढतात. ब्रँड तोच, डबा जवळपास तसाच, मॉडेल नंबरात एखादं अक्षर वेगळं, आणि आत एचडीएमआय पोर्ट (इतर यंत्रं जोडायच्या खाचा) कमी किंवा पडदा हलक्या प्रतीचा. ते मॉडेल एरवी दुकानात नसतंच, मग 'मूळ किंमत' ताडून बघणार कशाशी?

मधली काही वर्षं तर दुकानं थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळीच उघडायची. म्हणजे काउंटरवरच्या माणसाने घरच्या पानावरून उठून कामावर पळायचं. २०२० साली कोविडमुळे दुकानांच्या बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी तो दिवस बंद ठेवला आणि पुढेही तसाच ठेवला, हे फार बरं झालं. आरईआय या भटकंतीचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या साखळीने तर २०१५ पासून शुक्रवारीच टाळं लावून कामगारांना भरपगारी सुट्टी दिली. (धंद्याची जाहिरातही झाली म्हणा, पण चालेल.)

तरी कुणी टीव्ही घेणारच असेल, तर आधी पूर्ण मॉडेल नंबर शोधून बघा. तो फक्त नोव्हेंबरातच सापडत असेल तर सोडून द्या.