अनुभव धागा : चौथं गाणं मुखड्यावर कुणी आणलं?

धागाकर्ता

मागच्या शनिवारी सोलापुरात होटगी रोडला एका लॉनवर जॅम बँड वाजवून गेला. पाच मुलं. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम आणि ढोलकी-तबला घेऊन बसलेला एक जण. अडीच तासांत गाणी फक्त नऊ. रात्री घरी पोचेपर्यंत ग्रुपवर ‘एक नंबर’, ‘भारी’, ‘डोकं दुखलं’ असे पन्नास मेसेज पडले होते. त्यातून जो आला नव्हता त्याला काय कळणार?

हे मला लागतं, कारण या प्रकारचं वाजवणं पुन्हा होत नाही. मुखडा, दोन कडवी ठरलेली असतात. पुढे वाट सोडायची, एकमेकांचं ऐकत गाणं वाढवत न्यायचं आणि परत यायचं. तेच गाणं पुढच्या गावात वेगळं वाजणार. १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेला ग्रेटफुल डेड हा बँड यातला मूळपुरुष. आपले कार्यक्रम ते लोकांना रेकॉर्ड करू द्यायचे. १९८४ पासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच ठेवायला लागले. म्हणून ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी काय वाजवलं यावर लोक आजही तावातावाने बोलतात. आपल्या शनिवारचं तसं रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. जे आहे ते आपल्या कानांत.

तेव्हा मनापासून विनंती : कुठल्या गाण्यात, कुणी, काय केलं ते लिहा. आवडलं नसेल तर तेही तसंच नेमकं लिहा.

माझं सांगतो. पावसावरचं चौथं गाणं. दुसरं कडवं संपलं आणि गिटारवाल्याने एक छोटी जागा घेतली, चार सुरांची. तीच पुन्हा, थोडी खालून. बेसवाला दोनच सुरांवर बसून राहिला. कीबोर्ड थांबला. मला वाटलं गाणं विझलं. आणि तिथून पुढे अकरा-बारा मिनिटं ते असं वर चढत गेलं की माझ्या शेजारचे काका खुर्चीतून उठून उभे राहिले. मग एकदम मुखडा! कसा आला ते मला पकडता आलं नाही. माझा अंदाज गिटार. तुमचा?

रेल्वे लाइन्स

तबला वाजवतो, वीस वर्षं झाली. गिटार नव्हे.

त्या गाण्यात खरा खेळ मागे चालला होता. ड्रमर चारात वाजवत होता आणि ढोलकीवाल्याने कुणाला न सांगता सात धरले होते, सरळ रूपक, सात मात्रांचा ताल. चार आणि सात अठ्ठावीस मात्रांनी एकत्र येतात. ड्रमरचे सात फेरे, ढोलकीचे चार. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर (रिकाम्या जागेवर) येते, तिथे बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा खर्ज, गप्प असतो. त्या मोकळ्या जागेवर दर अठ्ठाविसाला ड्रमरचा जड ठोका पडत होता. पहिल्यांदा पडला तेव्हा मला योगायोग वाटला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या वेळेला लोकांनी टाळ्या दिल्या. सात-चार मोजत कुणी बसलं नव्हतं, पण अंगाला कळतं.

ग्रेटफुल डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. पुढे झाकीरभाईंबरोबर त्याने १९७६ ला दिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड केली, १९९१ ला प्लॅनेट ड्रम. म्हणजे हे लयीचं गणित त्या बाजूला आपल्याच घरातून गेलेलं आहे. ती ढोलकी ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता जे खटकलं ते. सहाव्या गाण्यात ड्रमरचा एकट्याचा तुकडा फार लांबला. तिहाईवर तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, ‘आलो बरं का’ सांगणं. दहा वेळा सांगून दारातच उभं राहिलं तर घरचे दार लावून घेतात. चौथं गाणं मात्र ढोलकीनेच परत आणलं, असं मी म्हणेन.

भजनी

मुलीने आग्रह केला म्हणून गेले होते. इंग्रजी वाद्यांचा कार्यक्रम मी पहिल्यांदाच बसून ऐकला.

आमच्याकडे सप्ताहात एक अभंग तासभर चालतो. चाल लावतात, मग एखादी बाई तिसऱ्या चरणाला वेगळीच जागा घेते, सगळ्या तिच्यामागे जातात. त्यामुळे मुलं काय करत होती ते मला परकं वाटलं नाही. पण एक सांगते. गजराची लय वाढवताना पखवाजवाला टाळकऱ्यांना बरोबर घेऊन वाढवतो. या मुलांनी पाचव्या गाण्यात लय फार लवकर वाढवली. गाणारा मागे राहिला, त्याचे शब्द तुटायला लागले. त्यांनी जरा धीर धरायला हवा होता. चौथं गाणं गोड होतं. कुणी परत आणलं ते मला नाही सांगता येणार, मी डोळे मिटले होते.

विजापूर वेस

मी मध्यंतरातच निघालो. मागच्या कोपऱ्यात भिंतीलगत खुर्ची मिळाली होती. तिथे नुसता बेस. शब्द एक कळेना, कीबोर्ड आहे हे मला वरचं वाचून समजतंय. तिकीट काढून आलो होतो, वाईट वाटलं.

मिक्सरवाला

विजापूर वेस, त्या रात्री साउंड माझा होता. तुमची तक्रार रास्त आहे.

बेसचे मोठे डबे स्टेजच्या दोन्ही बाजूंना ठेवले की मधल्या पट्ट्यात बेस जाड होतो आणि बाजूला सरकलं की कुठे गायब, कुठे दुप्पट. भिंतीजवळ तर तो आणखी साचतो. डबे मध्ये एकत्र लावले असते तर बराच सारखा पसरला असता, पण तिथे फुलांची कमान बांधून झाली होती. साउंड चेकला वीस मिनिटं मिळाली. तरी मी तुमच्या कोपऱ्यात एकदा येऊन ऐकायला हवं होतं. ते केलं नाही, याची खंत आहे.

अशा बँडला मिक्सरवर बसणं वेगळंच काम आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सोलो कधी कुणाचा ते आधी माहीत असतं. इथे वाजवणाऱ्यालाच माहीत नसतं. मी पूर्ण वेळ त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो. गिटारवाला पुढे यायच्या आधी डावा खांदा किंचित उचलतो. तो उचलला की फेडर, म्हणजे त्याच्या आवाजाची पट्टी, वर. डेडवाल्यांनी १९७४ ला स्पीकरची आख्खी भिंत आपल्या पाठीमागे उभी केली होती, म्हणजे लोकांना जे ऐकू जाईल तेच त्यांनाही. आमच्या मुलांना एकमेकांचं ऐकायला चार मॉनिटर होते, त्यातला एक खरखरत होता. तरीही ते एकमेकांना ऐकत होते, हे मी शपथेवर सांगतो.

पूर्व भाग

आमच्या घरात यंत्रमाग होते. वरच्या खोलीत आम्ही झोपायचो, खाली माग चालायचे. आवाजाने कधी जाग आली नाही. पण ताणा तुटला की आवाज बदलायचा आणि त्या क्षणी वडील उठून खाली जायचे. झोपेतून.

शनिवारी त्यांना घेऊन गेलो होतो. आता माग विकले, कानही थोडे गेलेत. सातव्या गाण्याला बेस आणि ड्रम एका ठेक्यावर अडकून राहिले. बाकी सगळे थांबलेले, नुसतं खटक-खटक, खटक-खटक. काही लोकांना ते कंटाळवाणं वाटलं असेल. वडिलांचा हात गुडघ्यावर चालायला लागला. माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणाले, ‘मग्गम्’. तेलुगूत माग. मग गाणं संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

चौथ्या गाण्याबद्दल : कीबोर्डवाला थांबला नव्हता, चुकला होता. एक फेरा त्याने भलत्याच जागी सुरू केला आणि हात काढून घेतला. वडिलांची मान तेव्हाच वर झाली होती. बेसवाला दोन सुरांवर बसला तो त्याला परत आत येता यावं म्हणून, असं मला वाटतं.

जर्सी सिटी, मूळचा नवी पेठ

मी शनिवारी नव्हतो, पण राहवलं नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात फिश या बँडने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तेरा रात्री वाजवलं. तेरा रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. मी २५ जुलैला गेलो होतो. एरवी तीनेक मिनिटांत संपणारं एक साधं गाणं त्यांनी त्या रात्री अर्धा तास वाजवलं. शेजारचा माणूस वहीत गाण्यांची नावं आणि वेळा लिहीत होता. हजारो लोकांत मी एकटा, कुणाशी मराठीत बोलावं असं फार वाटलं. तुमचा धागा वाचून ते आज झालं. त्या मुलांना सांगा, वही ठेवणारी माणसं सोलापुरातही आहेत.

गेटबाहेर

माझी भजीची गाडी बाहेर होती. ते पावसाचं गाणं चालू असताना गिऱ्हाईक हातात प्लेट धरून उभंच की. खाईना. मी पण घाणा काढायचा राहिलो, थोडा करपला. बाकी मला त्यातलं समजत नाही, पण तसं कधी झालं नव्हतं.

धागाकर्ता

पूर्व भाग, तुमचं वाचून मी आठवून बघितलं. कीबोर्ड थांबला असं मी किती खात्रीने लिहिलं होतं! रेल्वे लाइन्स, ढोलकीची तिहाई मुखड्याच्या आधी होती की मुखड्याबरोबर?

रेल्वे लाइन्स

आधी. नव्वद टक्के. शंभर म्हणणार नाही.

अकरावी

मी पहिल्या रांगेच्या पुढे खालीच बसले होते. माझ्याकडे चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे, चौथ्या गाण्याचाच. शिट्ट्या आहेत, पण हेडफोन लावून ऐकलं की कळतं. आधी बेस. तो वरचा सूर सोडून खाली उतरतो, कीबोर्डवाला त्याच्याकडे बघतो आणि हात ठेवतो. मग ढोलकीची तिहाई. गिटार सगळ्यात शेवटी येते. रात्री धाग्यात टाकते.