करिश्मा, नेतृत्व: फारसी आणि बांबारात नेमके शब्द कोणते?

शब्दजुळणी: बहुभाषी शब्दसूचीसाठी दोन नोंदी अडल्या आहेत. फारसीत करिश्म्यासाठी 'करिश्मा' आणि नेत्यासाठी 'पेशवा' तसेच ठेवले तर चालतील का? आणि मालीतल्या बांबारात काय म्हणतात?

नस्तालिक: दोन्ही नकोत. फारसी 'केरेश्मे' म्हणजे नखरा, नेत्रकटाक्ष. पुढाऱ्याला लावलात तर अर्थाचा अनर्थ होईल. बोलण्यात सरळ 'कारिज़्मा' म्हणतात, समाजशास्त्राच्या पुस्तकांत करिश्मा असलेल्याला 'फर्रहमंद'. मूळ शब्द 'फर्र', अवेस्तेतलं (पारशी धर्मग्रंथातलं) 'ख्वरेनह', म्हणजे राजाला लाभणारं दैवी तेज. यिम हा पुराणकथेतला राजा (पुढचा जमशीद) खोटं बोलू लागला तसं ते पक्ष्याच्या रूपात त्याला सोडून गेलं, असं अवेस्तेतल्या १९व्या यश्तात (स्तोत्रात) आहे. हे तेज गमावताही येतं, आणि शब्दाची खरी गंमत तिथेच आहे. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या नावातला 'फर्रुख' याच कुळातला.
वडिलांचा किंवा शिक्षकांचा दरारा सांगायचा असेल तर 'जज़बे'. हिंदीतला 'जज्बा' त्याच मुळाचा, पण अर्थ निराळा.

मोडीवाचक: 'पीश' म्हणजे पुढे, 'पीशवा' म्हणजे पुढे चालणारा, अग्रणी. आपल्याकडे ते पदाचं नाव झालं, १६७४ नंतर 'मुख्य प्रधान' हा संस्कृत पर्यायही आला. इराणात मात्र आज 'पीशवा' म्हटलं की हिटलर आठवतो, कारण त्याच्या पदवीचं भाषांतर तेच रूढ झालं. सर्वसाधारण शब्द 'रहबर', नेतृत्व म्हणजे 'रहबरी'. पण नुसतं 'रहबर' लिहिलं तर १९७९ नंतरच्या इराणात सर्वोच्च नेताच समजतात. म्हणून कशाचा रहबर ते जोडून लिहा.

बामाको वाट: बांबारात 'ञेमॉगॉ': ञे म्हणजे डोळा, तोंड, पुढची बाजू, मॉगॉ म्हणजे माणूस. पुढचा माणूस, म्हणजे रचना 'पीशवा'सारखीच! दुसरा शब्द 'कुनतिगी', कुन म्हणजे डोकं. 'तिगी' म्हणजे धनी: 'दुगुतिगी' गावप्रमुख, पण 'बुतिगितिगी' दुकानदार. त्यामुळे नुसतं 'तिगी' नेता म्हणून लिहू नका. '-या' म्हणजे आपलं '-पण': ञेमॉगॉया, नेतृत्व.
करिश्म्यासाठी 'दावुला': माणसाचं वलय, प्रतिष्ठा. मूळ अरबी 'दौला', म्हणजे आपल्या 'दौलत'चा सख्खा भाऊ. 'फान्गा' मात्र इथे घालू नका. ते बळ, सत्ता. दावुला नसलेल्याच्या हातीही फान्गा असू शकते.
देवनागरीत ऑ जपा; तो उघडा स्वर आहे, 'मोगो' लिहिलं की उच्चार बिघडतो.