स्पॅनिशमधला ‘या’
प्रश्न असा की स्पॅनिशमधला ‘या’ (ya) हा शब्द म्हणजे नक्की काय, ऑलरेडी की आता. माझ्या मते डिक्शनरीतले अर्थ पाठ करत बसू नका, परिस्थिती बदलली एवढंच तो सांगतो. ‘या युएबे’ म्हणजे पाऊस सुरू झाला, ‘या नो युएबे’ म्हणजे थांबला, आणि अजून सुरूच झाला नसेल तर तिथे ‘या’ नाही चालत, ‘तोदाबिया नो’ लागतं. ‘या कोमी’ म्हणजे जेवून झालं आणि कुणी हाक मारली की ‘या बोय’, म्हणजे आपलं आलोच (शब्दशः जातो म्हणतात ते, येतो नाही!). वैतागून नुसतं ‘या!’ म्हटलं तर पुरे. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सवाल्यांकडून ‘शा’ ऐकू आलं तर गोंधळू नका, तोच शब्द आहे.