मदत हवी आहे: नाताळात मुंबई, तीन दिवस, बेळगावहून

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या शहापूरचा. नाताळच्या सुट्टीत घरचे सगळे "गोव्याला जाऊया" म्हणून बसलेत, पण डिसेंबरअखेर चोर्ला घाटात गाड्यांची रांग एकदा अनुभवलीय, पुन्हा नको. म्हणून 24 ते 26 मुंबई ठरवतोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात.

पहिला प्रश्न रेल्वेचा. चालुक्य नि शरावती थेट दादरला नेतात, पण आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं आणि मी जागा झालो तेव्हा वेटिंग! तत्काळवर भरवसा ठेवू, की सरळ स्लीपर बस धरू? बसमध्ये आईला वरचा बर्थ मिळाला तर पंचाईत.

दुसरं, राहायचं कुठं? दादर सोयीचं वाटतं. लेकीला वांद्र्याचं माऊंट मेरी आणि हिल रोडची रोषणाई बघायचीय. मला गिरगावातली खोताची वाडी, ती जुनी लाकडी घरं. 24 च्या रात्री वांद्र्यात आईला घेऊन शिरणं शहाणपणाचं आहे का? की संध्याकाळी लवकर जाऊन परत फिरावं?

घारापुरी सोडून दिली, तिथल्या पायऱ्या आईला झेपायच्या नाहीत. त्याऐवजी काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय चालेल ना?

आणि हो, दादरच्या मामेबहिणीसाठी कुंदा (आपली बेळगावी दुधाची मिठाई) न्यायचाय. प्रवासात किती टिकतो, तेवढं सांगा.