निवडणूक आली की झोप उडते. हातपाय न गाळता काही करायचं तर काय करावं?

पूर्वेकडची | ६ नोव्हेंबर २०२४

नमस्कार. २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, २३ ला निकाल. मला आत्तापासूनच रात्री तीनला जाग येते आणि हात आपसूक फोनकडे जातो.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, एमआयडीसीपासून चालत दहा मिनिटांवर. वय ४६, नोकरी ठाण्याला. घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७८ वर्षांची आई.

मे महिन्यापासून सांगते, नाहीतर माझी घालमेल कळायची नाही. २० मेला लोकसभेचं मतदान होतं. उन्हात दीड तास रांगेत उभे राहिलो आणि आत गेल्यावर कळलं, आईचं नावच यादीत नाही. १९७१ पासून एकही मतदान न चुकवलेली बाई ओळखपत्र हातात धरून शाळेच्या फाटकाशी उभी होती. आमच्या कल्याण मतदारसंघात त्या दिवशी जेमतेम ५० टक्के मतदान झालं, म्हणजे निम्मे लोक आलेच नाहीत, आणि जी आली होती तिला परत पाठवलं.

तीन दिवसांनी, २३ मेला, एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला. माणसं गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटून आईच्या पुढ्यातल्या ताटात पडली, ती जेवायला बसली होती. तिला लागलं नाही, एवढंच नशीब. संध्याकाळी काचा गोळा करताना माझ्या बोटावरची शाई तशीच होती. २०१६ च्या मे महिन्यातही इथे असाच स्फोट झाला होता. तेव्हाही कारखाने हलवण्याची चर्चा झाली होती. महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. नगरसेवकच नाही, तर विचारायचं कुणाला?

आणि आता घरातलं. रविवारी भाऊबीजेला दादा नाशिकहून आला होता. ओवाळून झालं, पानं वाढली, आणि निवडणुकीचा विषय निघाला. कोण कुठल्या बाजूचं ते इथे लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. दादा आणि माझा नवरा, दोघांचा आवाज इतका चढला की मुलगी उठून आत गेली. दादा ताटावरून उठला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवसापासून कोणी 'शुभ सकाळ'सुद्धा टाकलेलं नाही.

मला हे सगळं सोडून द्यायचं नाहीये. 'राजकारण म्हणजे चिखल' म्हणून पाठ फिरवणारे माझ्या ऑफिसात पुष्कळ आहेत, मला तसं व्हायचं नाही. पण नुसती काळजी करून मी आजारी पडेन असं वाटतं. तुम्ही काय करता? खरंच करता ते सांगा.

ठाकुर्ली फास्ट | ६ नोव्हेंबर

ताई, मी टीव्हीवरच्या चर्चा बंद केल्या. सकाळी एक पेपर, तोही छापलेला, लोकलमध्ये वाचून घडी घालून ठेवायचा. रात्री नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत. पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग झोप लागते. दादाला मात्र फोन करा. निकालापर्यंत थांबू नका, कारण निकाल कुठलाही लागला तरी त्यानंतर बोलणं आणखी अवघड होईल.

अंधेरीचा | ६ नोव्हेंबर

मी यावेळी जाणार नाहीये. २०१९ ला ज्या पक्षाला आणि ज्या चिन्हाला मत दिलं, त्या पक्षाचे दोन झाले, चिन्हाचा निकाल भलतीकडेच लागला. मला कोणी विचारलं का? दोन तास रांगेत उभं राहून मी जे दिलं ते दुसऱ्याने तिसऱ्याच कामाला वापरलं. ताईंना वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये, पण आशा ठेवायची ती कशावर, हे मलाही कोणी सांगितलं तर बरं होईल.

गुरुजी, सातारा जिल्हा | ७ नोव्हेंबर

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, २०१६ ला निवृत्त झालो. निवडणुकीत मी बहुतेक कागद, पेट्या आणि शाई यांच्याच बाजूला होतो, त्यामुळे माझं सांगणं तिथलंच आहे.

मला निवडणुकीची धास्ती वाटेनाशी झाली ती मतदार यादीमुळे. मी काही वर्षं बीएलओ, म्हणजे एका केंद्राची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी होतो. शाळा सुटली की यादी बगलेत मारून घरोघर फिरायचं. दारात विचारायचं, "घरात मतं किती?" कारभारी सांगायचा, "चार. मी, दोन पोरं आणि आई." आत चुलीपुढे दोन सुना बसलेल्या असायच्या. त्यांचं काय, तर "त्यांची माहेरी असतील." माहेरी लग्न झालं म्हणून नाव कमी झालेलं, सासरी कोणी घातलेलं नाही. नाव विचारलं तर सासू म्हणायची, "थोरली, धाकटी." मी उंबऱ्यावर बसून राहायचो. थोरलीने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगितल्याशिवाय उठायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पुढे वाचनात आलं की १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. कित्येक बायकांनी 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालवून घेतली नाही, आणि जवळजवळ २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. तो आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या यादीत एका पावसाळ्यात ३७ सुना चढल्या. मतदानाच्या दिवशी मला दुसऱ्या तालुक्यात ड्युटी होती, त्यामुळे त्यांना रांगेत पाहिलं नाही. आठवड्याच्या बाजारात मात्र त्यातल्या एकीने मेथीची जुडी हातात देताना बोट वर करून दाखवलं. त्यांनी कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही. माझ्या मनाविरुद्धही दिलं असेल. मला त्याचं काही वाटत नाही.

एकदा केंद्राध्यक्ष म्हणून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पलीकडे पाठवलं होतं. बामणोलीहून लाँच, मग डोक्यावर पेट्या घेऊन चढण. रात्री शाळेच्या बाकांवर झोपलो. त्या गावात कोयना धरणात जमिनी गेलेली माणसं होती. सरकारने ज्यांचं पाण्याखाली घातलं ते लोक सकाळी सातच्या आधी धुतलेले कपडे घालून दाराशी उभे होते. तेव्हापासून 'काही होत नाही' असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

यंत्राबद्दल, यादीबद्दल मनात शंका असणं चूक नाही. पण ती ग्रुपवर उगाळून रात्र जाते, हाती काही लागत नाही. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी केंद्रात बसतात, ती जागा पुष्कळ वेळा रिकामी असते. कुठलाही पक्ष तुम्हाला पटत असेल तर त्यांना म्हणा, मला बसवा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं, कमीत कमी ५० मतं टाकून मोजून दाखवतात, मग यंत्र कोरं करतात आणि सील लावतात. सीलवर प्रतिनिधींची सही असते. संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-क ची प्रत देतो, त्यावर त्या केंद्रात एकूण किती मतं पडली तो आकडा असतो. मोजणीच्या दिवशी तो ताडून बघता येतो. आणि वेळ संपताना जे रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या वाटतात, त्या शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे नंतर कोणी मागे येऊन उभं राहू नये आणि आधीचा कोणी परत जाऊ नये. इतका विचार कुणीतरी करून ठेवलाय, हे बघितलं की जीव थोडा थाऱ्यावर येतो.

अंधेरीच्या भावा, तुझा राग रास्त आहे आणि मत दिल्याने तो प्रश्न सुटेल असं मी म्हणणार नाही. पण तू ज्या भागात राहतोस तिथल्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल याच ४ जूनला ४८ मतांनी लागला. तुमच्या एका इमारतीत तेवढी मतं असतील. निकाल तुला आवडला असो वा नसो, घरी बसलेल्या ४८ जणांनी तो ठरवला असंही म्हणता येईल.

१९७७ ला मी एकोणीस वर्षांचा होतो. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, त्यामुळे मला मत नव्हतं. आणीबाणीत वडिलांचे दोन मित्र तुरुंगात होते, घरात हळू आवाजात बोलायची सवय लागली होती. जानेवारीत निवडणूक जाहीर झाली आणि वडील सायकलवर पत्रकं घेऊन निघाले, मी मागे कॅरियरवर. ते ज्यांच्यासाठी फिरले ते आमच्या सातारा जिल्ह्यात पडले. देशात निवडून आले. रात्री रेडिओवर रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्याचा निकाल ऐकताना वडील हसले नाहीत, त्यांनी फक्त रेडिओ थोडा मोठा केला. इतक्या दिवसांनी.

आता तुमचं काम, ताई. नाव घालायची मुदत १९ ऑक्टोबरला संपली. आईचं नाव आलंय का ते आजच बघा, आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवा. मग तुमच्या इमारतीतल्या प्रत्येक दारावर जा. मतदान केंद्र बदललंय का, शाळा तीच आहे का, एवढंच विचारायचं, मत कुणाला ते नाही. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. फोन घरी ठेवायला सांगा, केंद्रात चालत नाही आणि त्यावरून माणसं परत फिरतात.

दुसरं. तुमच्या आईच्या ताटात काच पडली, तो प्रश्न कागदावर लिहा. एकच पान. जो जो प्रचाराला दारात येईल त्याच्या हातात द्या आणि उत्तर लिहून मागा. पक्ष बघू नका. ते पान लिहिताना नवऱ्याला आणि फोनवर दादाला बरोबर घ्या. दोघांचे पक्ष वेगळे असतील, काच दोघांच्याही आईच्या ताटातली आहे. एकाची सासू, एकाची आई.

अंधेरीचा | ७ नोव्हेंबर

गुरुजी, ४८ चा आकडा मला माहीत होता. सुनांचं माहीत नव्हतं. माझ्या बायकोचं नाव अजून चिपळूणलाच आहे, तीन वर्षं झाली लग्नाला. आत्ता तिला विचारलं तर म्हणाली, तू कधी विचारलंसच नाही.

गुरुजी, सातारा जिल्हा | ७ नोव्हेंबर

यावेळी तिला चिपळूणला घेऊन जा, बुधवार आहे, सुट्टी आहे. पत्ता बदलायचा अर्ज नमुना ८, निवडणूक झाली की भरा. आणि तू त्याआधी सकाळी मत टाकून मगच निघ.

पूर्वेकडची | २१ नोव्हेंबर २०२४

काल मतदान झालं. ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायला हवं म्हणून आले.

आमच्या इमारतीत २८ बिऱ्हाडं. मी आणि मुलगी तीन संध्याकाळी फिरलो. सात जणांचं केंद्र वेगळ्या शाळेत गेलेलं निघालं, त्यांना माहीतच नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार अर्धवट उघडून विचारलं, "कुठल्या पक्षाकडून?" मुलगी म्हणाली, "तिसऱ्या मजल्याकडून." मग त्यांनी चहा केला. अकरा वर्षं शेजारी आहोत, त्यांच्या घरात पहिल्यांदा बसले.

कागदाचं लिहिते. त्यात तीनच गोष्टी मागितल्या: वस्तीला लागून कुठले धोकादायक कारखाने आहेत त्यांची यादी लोकांना मिळावी, औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाची शेवटची तपासणी कधी झाली ते जाहीर व्हावं, आणि भोंगा वाजला तर आम्ही कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं ते आधी शिकवावं. तिसरी गोष्ट दादाने सुचवली. मी फोन केला तेव्हा पहिली दोन मिनिटं दोघंही गप्प होतो, मग त्याने विचारलं, "आईच्या खिडकीला आता जाळी लावली का?" तिथून सुरू झालं. नवऱ्याने टाइप केलं. भांडणाचा विषय निघालाच नाही असं नाही, एकदा निघाला, पण कागद पुढ्यात होता म्हणून परत कागदावर आलो.

तीन उमेदवारांची माणसं आली. एकाने कागद घेऊन खिशात घातला. एकाने वाचला आणि म्हणाला, साहेबांशी बोलतो. तिसरी एक तरुण मुलगी होती, ती जिन्यात बसून सगळं वाचत राहिली, तिचे काका २०१६ च्या स्फोटात जखमी झाले होते म्हणाली. लेखी उत्तर कोणी दिलं नाही.

आईचं नाव होतं. ऑगस्टच्या यादीत आलं होतं, अनुक्रमांक मी तिच्या रुमालाला पिन करून दिला. सकाळी पावणेसातला आम्ही रांगेत. तिला पुढे जायला सांगत होते, ती म्हणाली, मेमध्ये उभी राहिले तेवढी आजही राहीन. शाईचा फोटो मी बाहेर आल्यावर दादाला पाठवला. त्याने नाशिकहून स्वतःच्या बोटाचा पाठवला. ग्रुपवर एवढंच आहे, दोन बोटं.

तीनची जाग परवाही आली होती. फोन स्वयंपाकघरात होता, उठून आणला नाही.

परवा निकाल. निवडून कोणीही येवो, ७ डिसेंबरला, शनिवारी, आम्ही इमारतीतल्या पाच जणी तो कागद घेऊन त्यांच्या कार्यालयात जाणार आहोत. दुसऱ्या मजल्यावरचे काकाही येतो म्हणतात. गुरुजी, सोबत द्यायच्या पत्राचा मायना कसा असावा, पोच कशी घ्यायची, आणि उत्तर आलं नाही तर पुढे कुठे जायचं, ते सवडीने लिहाल का?