मदत हवी आहे: समईच्या पानाला दिलेलं टायटल गूगल दाखवतच नाही

नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडी बाजारात सासऱ्यांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. गेल्या वर्षी एकाकडून वेबसाइट करून घेतली. चाळीसेक पानं आणि सगळ्यांचं टायटल, म्हणजे गूगलवर शोधल्यावर पानाचं जे नाव दिसतं ते, एकच, 'होम' आणि पुढे दुकानाचं नाव. समई असो, बंब असो की घंगाळ, सगळं 'होम'. कल्हईच्या पानालासुद्धा!

मग मीच हात घातला. समईच्या पानाला लिहिलं, 'पितळी समई, समई नाशिक, समई किंमत, स्वस्त समई, पूजेची समई, समई ऑनलाइन'. सासरे म्हणाले, "अगं, हे नाव आहे की जप?" दोन आठवड्यांनी शोधून पाहिलं तर जप गायब, पानावरचा मथळा तेवढा दिसतोय.

अजून दोन शंका. सगळे सांगतात टायटल 60 अक्षरांत बसवा. पण मोजायचं कसं? 'पितळी' माझ्या हिशोबाने तीन अक्षरं, मोजणारं साधन पाच म्हणतं. आणि सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) बघितलं तर बरेच लोक 'समई' इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. मग टायटलमध्ये दोन्ही लिप्या घालू का? 2027 ला सिंहस्थ आहे, गंगेचं (गोदावरीचं) पाणी न्यायला तांब्याचे गडू विचारत लोक येतील. त्याआधी हे मार्गी लावायचंय.

प्रतिसाद १
सासऱ्यांचं बरोबर आहे. एकच शब्द कोंबलेला दिसला की गूगल टायटल बाजूला ठेवून पानावरचा मथळा उचलतं. 40 पानांना एकच टायटल असलं तरी तेच. 2021 पासून हे जास्त जाणवतंय. 'पितळी समई, सर्व उंचीच्या' आणि मग दुकानाचं नाव, नाशिक. बास. वस्तू आधी, दुकान नंतर. मथळाही त्याच्याशी जुळता ठेवा.
60 चा नियम गूगलचा नाहीच. कापाकापी होते ती पडद्यावरच्या रुंदीने. मात्रा-उकार वर-खाली बसतात, काना-वेलांटी मात्र जागा खातात. फोनवर शोधून बघा, कुठे तुटतं ते कळेल.

प्रतिसाद २
दोन लिप्यांची खिचडी नको. पान मराठीत आणि टायटल इंग्रजी लिपीत असेल तर गूगल पानाच्या लिपीतलं टायटल निवडतं, 2022 मध्येच त्यांनी तसं जाहीर केलंय. इंग्रजीतून शोधणाऱ्यांसाठी वेगळं इंग्रजी पान करा. बदल केल्यावर सर्च कन्सोलमधून त्या पानाची पुन्हा तपासणी मागा. लगेच दिसलं नाही म्हणून रोज टायटल बदलत बसू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. समईचं टायटल आत्ताच बदललं, कल्हईचं रात्री करते. आता बंबापाशी अडलेय. इंग्रजी पानावर 'कॉपर वॉटर हीटर' लिहिलं तर विजेचा गीझर शोधणारेच येतील ना? दुसरं काही सुचतंय का कुणाला?