सरकार बदलले की कृत्रिम बुद्धिमत्तेची दिशाही बदलते का?

प्रश्न: कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी, रद्द केला. याचा प्रत्यक्ष कामावर कितपत परिणाम होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलच्या (माहितीवरून शिकणाऱ्या प्रणालीच्या) प्रशिक्षणासाठी १० चा २६ वा घात इतक्या गणनक्रियांची मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांनी सुरक्षा-चाचण्यांचे निकाल सरकारला कळवावेत, हे त्यातील बंधन गेले. माझ्या मते मात्र अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला होणाऱ्या प्रगत चिपच्या निर्यातीवर घातलेले निर्बंध अधिक परिणामकारक ठरले.

उत्तर २: परिणामकारक खरे, पण अपेक्षित दिशेने नव्हे. निर्बंध असूनही डीपसीक या चिनी कंपनीने आर-१ हे मॉडेल त्याच २० जानेवारीला खुले केले (योगायोग म्हणायचा!), त्यात ६७१ अब्ज पॅरामीटर (प्रशिक्षणातून ठरणारे अंतर्गत आकडे) असले तरी प्रत्येक टोकनसाठी (शब्द किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी) सुमारे ३७ अब्जच कामाला लागतात, त्यामुळे गणनेचा खर्च बराच आटोक्यात राहतो.

उत्तर ३: १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात मॉडेल जास्त धोक्याचे मानण्यासाठी प्रशिक्षणातील गणनक्रियांची १० चा २५ वा घात ही मर्यादा आहे, पण त्याहून कमी गणनेत तितकीच सक्षम मॉडेल तयार होऊ लागली, तर धोका मोजण्याचे हे माप किती दिवस पुरेल?